नायलॉनचे केस वाढू लागले, त्याची गोष्ट

मावशीच्या दुकानात राणीचं डोकं बाटलीवर वाळत होतं. शेजारी न्यायाधीश, त्याच्या शेजारी चेटकीण. तिघांच्याही टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

*

पोस्टमास्तर अधूनमधून गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळून आरशासमोर बसत, आणि तेवढा वेळ दाराला आतून कडी असे.

*

"टक्कल ही शिक्षा नाही, परीक्षा आहे! आणि परीक्षेला गाईड लागतं!" (खांबावर चिकटवलेलं पत्रक. खालचा कोपरा कुणीतरी फाडून नेलेला.)

*

भांग डावीकडे पाडला तर एक चट्टा झाकतो. उजवीकडे पाडला तर दुसरा. मधोमध पाडला तर दोन्ही दिसतात.

*

केशगुरूंच्या सभेला सभागृहात मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या रांगांत टकलं होती, त्यांच्यावर छताचे दिवे लखलखत होते. मधल्या रांगांत विरळ झालेली डोकी. मागच्या रांगांत ज्यांचं सगळं ठीक होतं, पण शेजारी निघाले म्हणून जे निघाले, ते. मावशी त्याही मागे, दाराला टेकून उभी होती. तिची ताई मात्र दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स आणि शेजारी भिंगरी.

भिंगरी ही ताईची लेक. एका जागी टिकत नाही म्हणून ते नाव. गेल्या वर्षी तिचे केस चकत्या-चकत्यांनी गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, होतं असं काही मुलांना, बहुतेकदा परत येतात, मलम लावा आणि धीर धरा. ताईकडे मलम होतं, धीर नव्हता. केशगुरूंकडे धीराची गरज नसलेलं तेल होतं.

व्यासपीठावर टेबल, टेबलावर लाकडी बाहुलीचं डोकं. त्यावर घट्ट कुरळे केस, कानाच्या पाळीपर्यंत. केशगुरू त्याला 'तपस्विनी' म्हणत.

"केस म्हणजे काय?" केशगुरूंनी माइक हातात घेतला. "विचारांचं गवत! डोक्यात ओल असेल तर उगवणारच! आणि टक्कल का पडतं? कारण डोक्यात डॉक्टर शिरतो!"

हशा. टाळ्या. केशगुरूंनी तपस्विनीच्या केसांना तेल चोळलं. चेल्याने स्टीलच्या किटलीतून वाफाळता काढा ओतला. मग डोकं जाड फडक्यात गुंडाळलं, केशगुरूंनी डोळे मिटले, ओठ हलवले, फडक्यावरून हात वरून खाली, वरून खाली फिरवले. फडकं निघालं.

केस खांद्यापर्यंत आले होते.

पुढच्या रांगेतलं एक टक्कल उभं राहून रडायला लागलं.

मावशीला राहवलं नाही. शहरात नाटकं, संमेलनं, मुलांची स्नेहसंमेलनं, कुठेही राजा-राणी लागले की त्यांचे केस तिच्या दुकानातून जात आणि घाम, पावडर आणि कधीकधी च्युइंग गम घेऊन परत येत. ती ते कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, टोकाकडून वर विंचरायची. तिने दारातूनच आवाज दिला, "अहो, तो विग आहे! नायलॉनचा! चांगला इथून, दारातूनसुद्धा दिसतोय मला!"

ताईने मान वळवून बघितलं आणि पुन्हा समोर वळवली, जणू या बाईला ती ओळखतच नव्हती.

केशगुरू हसले. "धन्य भगिनी! बरोबर ओळखलंत. विगच आहे." ते थांबले. थांबायचं कुठे, हे त्यांना फार छान कळत होतं. "निर्जीव नायलॉन! ना मूळ, ना रक्त, ना त्वचा. त्यालासुद्धा माझ्या तेलाने केस वाढवावे लागतात. मग तुमचं तर जिवंत डोकं आहे!"

टाळ्या अशा पडल्या की छतावरचा पंखा हलला. त्या दिवशी तेल संपलं. त्यातल्या शेवटच्या बाटल्या मावशीच्या वाक्यावर खपल्या.

*

"मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," सभेनंतर दहा दिवसांनीही ताई म्हणत होती.

"त्या केशगुरूला ठेवली ना," मावशी म्हणाली. "आणखी वर चढवून ठेवला. माझंच चुकलं."

भिंगरी खुर्चीत पाय हलवत बसली होती. ताई तिच्या डोक्याला तेल चोळत होती. कातडी लालबुंद.

"आई, चुरचुरतं."

"चुरचुरतं म्हणजे काम करतंय."

"ताई, तिखट डोळ्यांत गेलं तरी चुरचुरतं. ते काय काम करतं?"

"तू बोलू नकोस." ताईने भिंगरीचा कान पुढे दुमडला. "हे बघ. दिसतंय? लव आलीये. तेल सुरू केलं आणि आठवड्यात आली. मलम इतके महिने थापलं, तेव्हा काय आलं? सांग ना."

मावशीने वाकून बघितलं. कानामागे खरंच बारीक, पांढुरकी लव होती. नसलेलं उत्तर देण्याचा धंदा दुसऱ्या कुणाचा तरी होता.

"गुरुजी म्हणाले, मलम आणि तेल एकत्र नांदत नाहीत. म्हणून मलम बंद," ताई म्हणाली. "आणि येत्या रविवारी तिचं उरलेलं काढायचंय."

"उरलेलं काय?"

"केस. व्यासपीठावर. मुळं मोकळी करून मोठं तेल लावणार आहेत. सगळ्यांमधून हिला निवडलंय त्यांनी."

भिंगरीचे पाय हलायचे थांबले.

*

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून थेट दुकानात आली. मावशी चेटकिणीवर काम करत होती. मागच्या नाटकात ती कुरळ्या केसांची होती, या नाटकातल्या दिग्दर्शकाला सरळ केसांची हवी होती. मावशीने पातेल्यातलं गरम पाणी विगवर सोडलं, रुंद दातांच्या फणीने खाली ओढलं. बटा सुटल्या, सरळ झाल्या, कानावरून हनुवटीपर्यंत उतरल्या.

"मावशी! हिचे केसपण वाढले!"

"वाढले कुठे? कुरळेपणा काढला मी."

म्हणाली आणि तिचा हात हवेतच राहिला. आयुष्यभर ती हेच करत आली होती. पण तिच्या लेखी ते 'सरळ करणं' होतं. 'वाढणं' हा शब्द त्या पातेल्याजवळ कधी फिरकलाच नव्हता. सभागृहात ती विग विग म्हणून ओरडली आणि किटलीकडे तिने बघितलंच नाही.

"तेल नुसतं चमकायला," ती पुटपुटली. "काम गरम पाण्याचं. बघ कसं गाढव ठरवलं त्याने मला! चल, आत्ता ताईला दाखवू."

"नको," भिंगरी म्हणाली. "आई म्हणेल, तुझं वेगळं, गुरुजींचं वेगळं. त्यांच्याच बाहुलीवर दिसायला पाहिजे." ती चेटकिणीची बट बोटाला गुंडाळत विचार करत राहिली. "मावशी, मुळाशी दोरा बांधला तर?"

*

रविवार. व्यासपीठावर आता टेबलाशेजारी एक खुर्ची, खुर्चीत भिंगरी, गळ्याभोवती पांढरी चादर. ताटलीत वस्तरा. ताई पहिल्या रांगेत. तिने पर्सचा बंद इतका घट्ट धरला होता की तो बिचारा तुटायच्या बेतात होता.

आधी तपस्विनीचा चमत्कार, मग मुलीचं मुंडन, असा कार्यक्रम. बाहुली नवी, पुन्हा कुरळ्या केसांची होती, कारण जुनीचे केस पूर्ण सरळ झाल्यापासून वाढायचे थांबले होते. चेल्याने माइकवर सांगितलं की ती आता समाधीत आहे.

"महाराज," भिंगरी म्हणाली, आणि माइक जवळच होता, "तिच्या केसांना दोरा बांधू? ती किती वाढते बघायचंय. मग मला भीती नाही वाटणार."

केशगुरूंचं हसू किंचित अडखळलं. पण खालून आवाज आले, "बांधू द्या हो, लेकरू आहे!" त्यांना मान डोलवावी लागली. भिंगरीने चादरीखालून लाल दोरा काढला आणि भांगाजवळ, अगदी डोक्याला चिकटून, एका बटेला गाठ मारली.

तेल. काढा. वाफ. फडकं. ओठ हलले, हात वरून खाली फिरले. फडकं निघालं आणि केस पुन्हा खांद्यावर. टाळ्यांचा गडगडाट.

"पण दोरा तिथेच आहे," भिंगरी म्हणाली.

टाळ्या थोड्या विस्कटल्या.

"दोरा कुठे जाणार, बाळा?"

"पुढे. केस मुळातून येतो ना? मग नवा केस आत यायला हवा आणि दोरा डोक्यापासून लांब जायला हवा. हा तर हललाच नाही."

"हे दिव्य केस आहेत," केशगुरू म्हणाले. "दिव्य केस टोकाकडून वाढतात."

"टोकाकडून!" चेला ओरडला. "आणि माणसाचेही टोकाकडूनच! कुणाला शंका आहे?"

सहाव्या रांगेत खुर्ची करकरली. पोस्टमास्तर उठत होते. टाळूवर थोडे विरळ, बाकी सगळे काळेभोर केस. या वयात असे केस म्हणजे गावभर कौतुक. त्यांची बायको त्यांचा सदरा ओढत होती.

"मला शंका आहे," ते म्हणाले. "केस मुळातूनच वाढतो."

"तुम्हाला कसं माहीत, काका?" भिंगरीने विचारलं.

पोस्टमास्तरांनी खोल श्वास घेतला. "कारण मी कलप लावतो. पांढरं मुळाशी दिसायला लागतं. टोकाला दिसलं असतं, तर कात्रीने भागलं असतं माझं."

"अहो!" बायकोने डोक्याला हात लावला.

"आम्हाला माहीत होतं, पोस्टमास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खदखदून हसलं. पण त्या हसण्यात बऱ्याच जणांचे हात नकळत आपापल्या भांगाकडे गेले. कलप लावणाऱ्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. आत्तापर्यंत ते विचारलं कुणी नव्हतं, इतकंच.

"माणसाचं ठीक आहे," केशगुरूंनी आवाज चढवला, "पण हे नायलॉन, याची गती न्यारी..."

"न्यारी म्हणजे किती न्यारी, ते दाखवते," असं म्हणत मावशी व्यासपीठावर चढलीसुद्धा. पिशवीतून तिने मूठभर पेन्सिली काढल्या आणि तपस्विनीची एकेक बट पेन्सिलीवर गुंडाळून वर चिमटे लावले. बाहुली साळिंदरासारखी दिसायला लागली. मग तिने किटलीला हात घातला.

"काढ्याला हात लावू नका! भाजेल!" चेला ओरडला.

"तेच तर सांगतेय. भाजतो म्हणूनच चालतो."

तिने किटली ओतली, मग वक्त्यांसाठी ठेवलेलं तांब्याभर गार पाणी. ते निथळेपर्यंत ती बोलत राहिली. "नायलॉनचा केस गरम झाला की मऊ पडतो. मऊ असताना त्याला जसा धराल, तसा तो गार होताना बसतो. ओढून धरा, सरळ बसेल. गुंडाळून धरा, कुरळा बसेल. मंत्र म्हणा, नाहीतर भाजीचे भाव म्हणा."

पेन्सिली निघाल्या. केस टणकन वर उडाले आणि कानापाशी येऊन थांबले.

"यांचंच तेल, यांचाच काढा," मावशी म्हणाली, "आणि केस आखूड! आता घ्या बाटल्या. केस कमी करायचं तेल म्हणून घ्या."

एवढ्या हशानंतर कुणाला गुरू राहता येत नाही. केशगुरू म्हणाले की आज सभेतली मनं गढूळ आहेत, आणि मागच्या दाराने गेले. त्यांचे स्वतःचे लांब केस पाठीवर रुळत होते. ते मात्र खरे होते. त्यांच्या आईचेही तसेच होते म्हणे.

"मग आम्ही काय करायचं?" पुढच्या रांगेतलं, पहिल्या दिवशी रडलेलं टक्कल विचारत होतं. त्याच्या हातात अजून बाटली होती.

मावशी जरा ओशाळली. "मी विग धुते हो. डोक्याचं डॉक्टरांना विचारा. ते कधी म्हणतील, केस येतील; कधी म्हणतील, येणार नाहीत; कधी म्हणतील, माहीत नाही. तिसरं उत्तर ऐकायला जड जातं, पण ते देणाऱ्यावर विश्वास ठेवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी खूण बांधा, मग बघा. खऱ्या गोष्टीला दोऱ्याची भीती नसते."

तोवर ताई व्यासपीठावर आली होती. तिने भिंगरीच्या गळ्याची चादर सोडली, घडी घातली आणि वस्तऱ्यावर टाकली.

*

घरी ताई बाटली हातात धरून बसली.

"बाहुलीचं पटलं," ती म्हणाली. "पण ती लव गं? ती तर खरी आहे."

"खरी आहे."

"मग ती कशाने आली?"

"माहीत नाही, ताई."

"तेलाने आली असेल आणि मी तेल बंद केलं तर?"

मावशीला इथे खोटं बोलणं सोपं गेलं असतं. तिने मान हलवली. "सांगता येत नाही. डॉक्टरांकडे जाऊन विचारू. पण तिची कातडी बघ आधी."

ताईने बघितलं. मग ती उठली आणि तिने ते तेल स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीत ओतलं. करकर थांबली. खणातून मलमाची ट्यूब काढून तिने टोपण उघडलं, बोटावर मुगाएवढं घेतलं.

"ये गं."

"चुरचुरेल?"

"चुरचुरलं तर सांग. लगेच धुऊ."

भिंगरी खाली बसली, डोकं आईच्या गुडघ्यांत. ताईचं बोट चट्ट्यावर हळूहळू गोल फिरत होतं. कुठलंही आश्वासन न देणारी वस्तू लावायला हात जास्त स्थिर लागतो, हे मावशीला तेव्हा कळलं.

ती लव डॉक्टरांना मागच्या तपासणीतच भिंगातून दिसली होती, पण उगाच आशा नको म्हणून ते बोलले नव्हते. तेव्हा तेलाची बाटली घरात आलेली नव्हती.