कप्तानाचा गुडघा

मास्तरांना कोचपदावरून काढल्याची बातमी संघाला सोमवारी सकाळी कळली, आणि ती ऐकून पोरांनी आधी काय करावं, तर हसली. मोठ्याने नाही. शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन, बुटांच्या नाड्या बांधता बांधता. तेरा मॅचची लीग, त्यातल्या नऊ झालेल्या, पदरात दोन गुण आणि खाल्लेले गोल चोवीस. हसावं असं त्यात काय होतं देव जाणे. पण बाप गावाला गेला की घर जसं सैलावतं तशी ती ड्रेसिंग रूम सैलावली होती. हसला नाही तो एकटा कप्तान. काढलेले मास्तर त्याचे सासरे होते, आणि त्यांच्यावर ही वेळ का आली हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. निदान त्याचा तसा समज होता.

गोष्ट होती गुडघ्याची. हंगाम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी सरावात कप्तानाचा उजवा गुडघा पिळवटला आणि आतली गादी फाटली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वर आठ महिने आराम. चौतिसाव्या वर्षी आठ महिने घरी बसलेल्या बचावपटूला पुन्हा कोण बोलावतो? फुटबॉल सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. साधा खिळा ठोकायचा तरी बायको शेजाऱ्याला हाक मारायची. तेव्हा बॉल ठेवायच्या खोलीत त्याने मास्तरांना गाठलं, दार लावून घेतलं आणि एवढा हंगाम हे झाकून ठेवा म्हणून अक्षरशः पदर पसरला. मास्तर बॉलच्या पोत्यावर टेकले. मग हो म्हणाले.

त्यानंतर मास्तरांनी संघाची मांडणीच बदलली. कप्तान मधोमध उभा राहणार आणि बाकीच्यांनी त्याच्या दोन्ही अंगांनी धावून त्याची जागा भरायची. कारण विचारलं की मास्तर म्हणायचे, अनुभवी माणूस डोळ्यांनी खेळतो. पोरांनी दोन मॅच ऐकलं. तिसऱ्या मॅचपासून जावई उभा आणि आपण ढोरासारखे राबतोय हे त्यांच्या डोक्यात गेलं, आणि एकेकाचे पाय जड व्हायला लागले. समोरच्याचा बॉल हिसकावायला धावणारा अर्ध्यात थांबू लागला. मास्तर घसा बसेपर्यंत ओरडायचे, पण त्या ओरडण्यात दम उरला नव्हता.

नवा कोच त्याच दुपारी आला. किडकिडीत, कप्तानापेक्षा वर्षाने लहान, आवाज असा की शेजारच्या खुर्चीपलीकडे जाऊ नये. खेळाडूंच्या अंगात जर्सीखाली एक पातळ बंडी असायची आणि तिच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती धावला हे ते टिपून ठेवायचं. क्लबने हौसेने आणलेल्या या बंड्या मास्तरांच्या काळात सगळे घालायचे आणि त्यातले आकडे कोणी बघायचं नाही. नव्या कोचने दोन दिवसांत नऊच्या नऊ मॅचचे आकडे वाचले आणि बुधवारी यादी करून भिंतीवर चिकटवली. गुरुवारी त्याचं नाव मोजपट्टी पडलेलं होतं.

यादीत कप्तान खालून दुसरा होता. दर मॅचला सरासरी साडेसहा किलोमीटर. त्याच्या खाली फक्त गोलकीपर. चोवीस गोल खाल्ल्यापासून हा गोलकीपर स्वतःच स्वतःला चाळण म्हणवून घ्यायचा. तो यादीसमोर उभा राहून म्हणाला, मी गोलपुढे अजून थोड्या येरझाऱ्या घातल्या असत्या तर कप्तानाला मागे टाकलं असतं. सगळे हसले. कप्तानही हसला, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

मोजपट्टी हसला नाही. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "कप्तान, हे जागेवर उभं राहणं तुमचं, की आधीच्या कोचनी सांगितलेलं?"

सगळ्यांनी माना वळवल्या. कप्तानाने मनातल्या मनात हिशेब केला. आत्ता गुडघ्याचं बोललो तर दुपारपर्यंत आपण घरी.

"त्यांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि अख्खं वाक्य खोटं होतं. मोजपट्टीने मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं. कोणीतरी मागून "म्हणजे बघा" असं पुटपुटलं. झालं, सगळं खापर मास्तरांच्या डोक्यावर फुटलं, आणि फोडलं ते त्यांच्या जावयाने.

घर दोन मजली होतं. खाली सासू-सासरे, वर कप्तान आणि त्याची बायको. वर जायचा जिना खालच्या बैठकीच्या खोलीतूनच होता, त्यामुळे रोज संध्याकाळी मास्तरांसमोरून गेल्याशिवाय सुटका नव्हती. घरात तो त्यांना मामा म्हणायचा. मामा पेपर वाचत बसलेले असायचे. ते नव्या कोचबद्दल काही विचारायचे नाहीत. फक्त गुडघ्याकडे बघायचे आणि बर्फ वर ठेवलाय असं सांगायचे. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर कप्तानाला बरं वाटलं असतं.

शिव्या घालायला बायको होती, पण ती त्याला सोडून बाकी सगळ्यांना घालत होती. गुडघ्याला सूज येते एवढंच तिला माहीत होतं. वडिलांच्या नि नवऱ्याच्या करारातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. जेवायला वाढताना ती म्हणायची, त्या दहा जणांतल्या एकाने जरी मनापासून साथ दिली असती तर बाबांवर ही पाळी आली नसती. दहा जणांतल्या. अकरावा ताटात बघत जेवायचा.

आणि नवल बघा, संघ धावायला लागला. भिंतीवर रोज नवी यादी लागायची आणि तळाला आपलं नाव नको म्हणून जो तो जीव काढायचा. कप्तान मॅचआधी दुखण्यावरच्या दोन गोळ्या घेऊन उतरायचा आणि दात-ओठ खाऊन नऊ किलोमीटर ओढायचा. पहिली मॅच जिंकली, हंगामातला पहिला विजय. बसमध्ये पोरं गाणी म्हणाली. मास्तर गेले आणि पाय मोकळे झाले, असं एकजण बोलून गेला, आणि मग कप्तानाकडे बघून त्याने जीभ चावली. दुसरी मॅच बरोबरीत सुटली. पण नव्याचे नऊ दिवस. तिसऱ्या मॅचला सगळे धावले, भरपूर धावले, फक्त प्रत्येक जण आपापल्या आकड्यासाठी धावला. एकाची जागा रिकामी पडली तर भरायला कोणी जाईना, कारण त्याची नोंद यंत्रात होत नव्हती. चार गोल खाल्ले. मोजपट्टी दोन दिवस आकड्यांकडे बघत बसला. आकडे उत्तम होते.

उरली शेवटची मॅच. निदान बरोबरी झाली तर संघ वाचणार, हरला तर खालच्या गटात जाणार. त्या सकाळी कप्तानाला पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागलं. खाली मामा उभे होते. ते हळूच म्हणाले, "अजून वेळ आहे. दुखतंय म्हणून सांग आणि बस." कप्तान म्हणाला, आज बसलो तर लोक काय म्हणतील. मामा वाटेतून बाजूला झाले.

अडतिसाव्या मिनिटाला गोल बसला. समोरचा पोरगा कप्तानाच्या उजव्या अंगाने निघाला, कप्तान वळायला गेला आणि गुडघा आतल्या आत सरकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. उजव्या बाजूचा बचावपटू आपली जागा सोडून मध्ये धावला, पण तोवर बॉल त्याच्याच मोकळ्या जागेतून आत गेला होता. लांबून बघणाऱ्याला चूक त्याचीच वाटली असती, आणि मोजपट्टी लांबून बघत होता.

हाफ-टाइमला ड्रेसिंग रूममध्ये घामाचा आणि मलमाचा वास भरला होता. मोजपट्टी त्या बचावपटूसमोर येऊन उभा राहिला. तुम्ही जागा सोडलीत, गोल तुमच्या बाजूने झाला, एवढंच तो शांतपणे म्हणाला. त्या पोराने मान खाली घातली.  कप्तानाकडे त्याने नजरसुद्धा वळवली नाही.

कप्तानाला ती खाली घातलेली मान बघवेना. काढलं त्या सोमवारी क्लबच्या ऑफिसातून बाहेर पडताना मामांची मान अशीच होती. आपला एक गुडघा झाकायला अजून किती माणसं माना खाली घालणार?

"सर, त्याची चूक नाही," तो म्हणाला. "मला वळताच आलं नाही. माझा गुडघा हंगामाच्या आधीपासून गेलाय. मास्तरांना मीच गप्प राहायला लावलं. मला उभं ठेवायला त्यांनी तुम्हा सगळ्यांना पळवलं. आणि त्या दिवशी यादीपुढे मी त्यांचं नाव घेतलं, ते स्वतःची कातडी वाचवायला."

 आता कोणीतरी अंगावर येईल, निदान थुंकेल तरी, असं त्याला वाटलं. त्याची तयारी होती.

बोलला तो चाळण, हातमोजे काढता काढता. "माहीत होतं."

"काय?"

"गुडघ्याचं. पहिल्या मॅचपासून. अरे, मालिशवाल्याच्या टेबलावर काय लपतं? तू सांगशील म्हणून थांबलो. म्हटलं, आपल्यातला आहे, सांगेल. सांगितलं असतंस तर तुझ्या वाटचंही पळालो असतो की. मास्तरही बोलेनात, तूही बोलेनास. मग आम्हीही धरली अळीमिळी गुपचिळी." त्याने हातमोजे मांडीवर आपटले. "तू उभा राहिलास याचा राग नव्हता कोणाला. आम्हाला आंधळं समजलास याचा होता."

  मास्तरांना कोणी घालवलं हे कप्तानाला ठाऊक होतं, पण ते इतक्या थोडक्यात वाचले असते हे ठाऊक नव्हतं. एक वाक्य लागलं असतं. ते त्याच्याकडे नऊ मॅच होतं.

मोजपट्टीने घड्याळ बघितलं. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, असं तो म्हणाला, आणि सात मिनिटं उरलीत असंही. मग कप्तानाच्या जागी राखीव खेळाडूला उभं राहायला सांगितलं आणि त्या उजव्या बाजूच्या पोराकडे वळून सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. कप्तानाने दंडावरची पट्टी सोडून चाळणच्या हातात दिली. चाळणने ती बांधली.

दुसरा हाफ कप्तानाने बेंचवरून पाहिला. मोजपट्टी हाताची घडी घालून उभा होता आणि एकदाही ओरडला नाही. ओरडायची गरजच नव्हती. एक पुढे गेला की दुसरा न सांगता त्याच्या जागी येत होता. पडलेल्याला हात देऊन उठवत होते, आणि उठवणारा तसाच पुढे धावत होता. कप्तान बेंचची कड घट्ट धरून बसला होता.  ही माणसं अशी पळू शकत होती. सगळा हंगाम पळू शकत होती. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला बॉल त्याच उजव्या बाजूच्या पोराने डोक्याने आत घातला. एक-एक. संघ वाचला. मोजपट्टीला खांद्यावर घेऊन पोरं मैदानभर फिरली.

कप्तान लंगडत घरी आला तेव्हा उजेड होता. बैठकीच्या खोलीत टीव्ही बंद होता आणि मामा नुसतेच बसले होते. तो समोर बसला आणि सगळं सांगितलं, यादीपुढे काय बोललो तेसुद्धा. आतल्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. तिने ते ऐकलं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू हा माणूस आपल्या घरात कधीपासून राहतोय ते तिला आठवेना.

मामांना यादीचं फारसं काही वाटलं नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी अडकले.

"पोरांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. पहिल्या मॅचपासून."

मामांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "म्हणजे मी रोज त्यांच्यावर ओरडत होतो, पळत का नाही म्हणून," ते म्हणाले, "आणि त्यांना ठाऊक होतं मी कोणावर ओरडत नाही ते." मग म्हणाले, "त्या दिवशी बॉलच्या खोलीत तू मला मामा म्हणालास. मैदानावर कधी म्हणाला नव्हतास. मी तिथेच तुला बाहेर काढायला हवं होतं. पण तोवर माझा मामा झाला होता."

कप्तान माफ करा म्हणायला गेला. त्यांनी हातानेच थांबवलं.

"दुसऱ्या हाफात कोण ओरडत होतं त्यांच्यावर?"

"कोणीच नाही."

"आणि पळाले?"

"पळाले, मामा. शेवटच्या मिनिटापर्यंत. एकमेकांसाठी पळाले."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पळणारीच पोरं होती रे ती," ते म्हणाले. "माझीच होती."