हे पान माझं नाही

२०११च्या मार्चमध्ये जपानात भूकंप झाला आणि पुढच्या आठवड्यात तोक्योतल्या तोयोसुच्या ऑफिसातली बहुतेक भारतीय माणसं मिळेल त्या विमानाने घरी गेली. रणजित देवस्थळी गेला नाही. बायकोला, मेधाला, आणि पाच वर्षांच्या मुलीला, अक्षयाला, त्याने पुण्याला पाठवलं आणि स्वतः मागे राहिला. दिवे निम्मे, लिफ्ट बंद, कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात पावाची मारामार, अशा दिवसांत तो सतरा मजले जिने चढून कामावर जात होता. त्याच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक जपानी विमा कंपनी. तिथले खातेप्रमुख कुरोदा-सान ही गोष्ट विसरले नाहीत. ‘देवस्थळी-सान थांबले होते’ हे एवढं वाक्य रणजितला पुढची सात वर्षं पुरलं.

मेधा ऑगस्टात परतली. पुण्यात ती एका शालेय पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. इथे तसलं काम कुठलं मिळायला? एदोगावातल्या घरी बसून तिने जपानी शिकायला घेतलं. आधी कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा त्याची पत्रकं, मग अक्षयाच्या शाळेच्या सूचना, मग वॉर्ड ऑफिसातला फुकटचा वर्ग. रणजित जपानी फाडफाड बोलायचा, पण लिहिलेलं वाचायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. मेधा मात्र ट्रेनमध्ये उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचू लागली.

२०१७च्या शेवटी ऑफिसला अर्धवेळ भाषांतरकार हवा होता. ऑफिसचे प्रमुख सदानंदसर. त्यांना रणजितनेच सांगितलं, “मेधाला घ्या की. घरी बसून कंटाळते.” हे बोलताना त्याला आपण फार उदार आहोत असं वाटलं होतं.

ऑफिसातल्या कागदपत्रांची तेव्हा अशी तऱ्हा होती की एखादा दस्तऐवज मंजूर व्हायला तीन-तीन आठवडे लागत. पुण्याची टीम एक्सेलमध्ये डिझाइन लिहून मेलने पाठवायची. तोयोसुत सात जण आपापल्या प्रतीत शेरे लिहायचे. मग फाइलच्या नावापुढे ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ अशी शेपटं लागायची आणि शेवटी कुरोदा-सानच्या शिक्क्यासाठी जायची ती हमखास जुनी प्रत. यातली कुठली खरी हे रणजितला माहीत असायचं. लोक त्याच्याकडे विचारायला यायचे आणि त्याला ते आवडायचं.

मेधाने दोन महिने नुसतं भाषांतर केलं. मग ती एकेकाशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि एकच प्रश्न विचारायची: “तुमच्याकडे हा कागद येतो तेव्हा तुम्ही त्यात नेमकं काय बघता?”

“सगळंच,” असं प्रत्येकाने सांगितलं.

तिने जुन्या दहा दस्तऐवजांवरचे शेरे काढून मांडले. सातही जणांनी शुद्धलेखन आणि रकान्यांचे रंग तपासले होते. आकड्यांकडे जवळजवळ कुणी पाहिलंच नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसरा बघेल.

तिची योजना साधी होती. मेल बंद, एकच सामायिक दस्तऐवज, सगळ्यांनी तिथेच लिहायचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एका माणसाचं नाव, आणि त्याने काय तपासायचं ते एका ओळीत. मंजुरी देणाऱ्याने सगळं पुन्हा वाचत बसायचं नाही. नावं लागली आहेत ना, खुणा झाल्या आहेत ना, एवढं पाहायचं. आणि कागद शिक्क्याला जाण्याआधी कुरोदा-सानच्या माणसांशी तोंडी बोलून त्यांच्या शंका आधीच संपवायच्या.

“बालवाडी आहे का ही?” रणजित घरी म्हणाला. “माझं पान, तुझं पान. जबाबदार माणसं सगळं वाचतात.”

“सगळं वाचतात म्हणूनच तर चुका राहतात रे,” मेधा पोळी लाटता लाटता म्हणाली. तिच्या आवाजात वाद नव्हता, आणि तेच त्याला झोंबलं.

एप्रिलपर्यंत तीन आठवड्यांचं काम चार दिवसांवर आलं. सदानंदसरांनी तिला पूर्णवेळ केलं. फाइल कुठली खरी हे विचारायला आता रणजितकडे कुणी येईना. मीटिंगमध्ये तो मोजू लागला की मेधाचं नाव कितीदा येतं. एका बुधवारी सतरा वेळा आलं, त्याचं दोनदा, त्यातलं एकदा तो खिडकीजवळ बसला होता म्हणून पडदा ओढायला. कुरोदा-सान क्योतोला गेले की येताना मेधासाठी मिठाईचा डबा आणू लागले. इतक्या वर्षांत रणजितला त्यांनी एकदाही काही आणलं नव्हतं. तो डबा घरात टेबलावर असायचा. अक्षया आल्या आल्या “ओइशी! मस्त!” म्हणत दोन-दोन तुकडे तोंडात टाकायची. रणजितने मात्र कधी चव घेतली नाही.

जूनमध्ये गिऱ्हाइकाच्या कार्यक्रमात कुरोदा-साननी एका पाहुण्याशी त्याची ओळख करून दिली. “हे देवस्थळी-सान,” ते म्हणाले, आणि पुढे रणजितला पाठ असलेलं वाक्य आलं नाही. ते म्हणाले, “मेधा-सानचे यजमान.”

रणजित कमरेत वाकला, हसला. परतीच्या बसमध्ये मेधा शेजारी बसून काहीतरी सांगत होती, पण त्याच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. आपली बायको पुढे गेली तर माणसाला आनंद व्हावा, हे त्याला कळत होतं. कळूनही होत नव्हता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याने मनापासून पाठ थोपटली असती. पण रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं यश गिळायला फार जड जातं. नव्या पद्धतीचं तासाभराचं प्रशिक्षण होतं, मेधा स्वतः देणार होती. रणजितने त्या दिवशी दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली.

सप्टेंबरात विम्याची जुनी माहिती नव्या यंत्रणेत हलवायचं काम निघालं. दस्तऐवज चौऱ्याण्णव पानांचा. शेवटची मंजुरीची खूण रणजितची होती. एका दुपारी तो पानं चाळत होता. चाळायची गरज नव्हती. मेधाचा नियमच तसा होता. पण चूक सापडावी असं त्याला मनातून वाटत होतं, आणि एकसष्टाव्या पानावर ती सापडली.

ते पान जपानी सालांचं होतं. जपानात सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्षं मोजतात आणि जुन्या विमापत्रांवर जन्मसालं तशीच लिहिलेली असतात. शोवा कारकीर्द १९८९च्या सात जानेवारीला संपली. म्हणजे त्या वर्षीचे पहिले सात दिवस शोवा चौसष्ट, आणि तिथून पुढचं वर्ष हेइसेई एक. तक्त्यात शोवा त्रेसष्टनंतर थेट हेइसेई एक होतं. त्या एका आठवड्यात जन्मलेल्या माणसांना तक्त्यात जागाच नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक रणजितने स्वतः केली होती, म्हणून ती त्याच्या डोळ्यांत भरली.

पानावर नाव होतं सुनीता बेंद्रे. पुण्याची सुनीता पंधरा वर्षं कंपनीत होती, जपानला कधी आली नव्हती, कामाला चोख. तिने खूण केलेली होती.

रणजितने शेरा लिहिला: ‘शोवा ६४ राहिलं आहे.’ लिहिला आणि बघत राहिला. हा शेरा दिसला की मेधा म्हणणार, बघा, पद्धत कशी काम करते. सदानंदसर मान डोलावणार. आणि नाही दिसला तर? तर एकदा तरी लोकांना कळेल की पानावर नाव चिकटवून कामं होत नसतात, त्याला अनुभवी माणूस लागतो.

त्याने शेरा पुसला. हे पान माझं नाही, असं स्वतःशी म्हणाला आणि शेवटच्या पानावर मंजुरीची खूण केली. नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी माहिती हलवण्याची रंगीत तालीम झाली आणि दोनशे चौदा विमापत्रं यंत्रणेने बाहेर फेकली. कुणाचं नुकसान झालं नाही, पण कुरोदा-सान स्वतः तोयोसुला आले. आवाज न चढवता ते म्हणाले, “ज्यांच्या नावाखाली हे पान होतं, त्यांच्याकडे आमचं काम यापुढे देता येणार नाही.”

मेधा उभी राहिली. “पद्धत मी आखली. सालांचं पान जपानबाहेरच्या माणसाकडे दिलं, ही चूक माझी आहे.” ती खोल वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. रणजित टेबलाच्या टोकाला बसला होता. याच क्षणाची त्याने तीन आठवडे वाट पाहिली होती. आता तो आला, तर त्याला तिच्या मानेवरची पांढरी झालेली बट दिसली आणि त्याने नजर फिरवली.

पुण्याहून कळलं की सुनीताला प्रकल्पावरून काढताहेत, वर्षाच्या मूल्यमापनातही ते लागणार. मेधाने हट्ट धरला की सुनीताने पानावर किती मेहनत घेतली ते आधी दाखवू. सामायिक दस्तऐवजात प्रत्येक पानाचा इतिहास राहतो, कोण कधी आलं, काय लिहिलं, काय पुसलं. तो उघडून ती एकसष्टावं पान बघत बसली.

शनिवारी सकाळी अक्षया पोहायला गेली होती. रणजित बाटल्या वेगळ्या करून पिशवीत भरत होता. मेधा समोर येऊन बसली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पुसलेला शेरा तिथे जसाच्या तसा होता. खाली त्याचं नाव. लिहिला चार वाजून बारा मिनिटांनी, पुसला चार अठराला.

“पुसलेलंही राहतं हे मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

“प्रशिक्षणात सांगितलं होतं.” तिने वेळेच्या आकड्यांवर बोट ठेवलं. “सहा मिनिटं, रणजित. सहा मिनिटं तू काय विचार करत होतास?”

सबबी सगळ्या तयार होत्या, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून एकही बाहेर पडेना. “तू पडावीस असं वाटलं,” तो म्हणाला. “एकदाच. फार नाही.”

मेधा हे ऐकून रडली नाही की ओरडली नाही. तिने लॅपटॉप मिटला. “मी पडले तर चाललं असतं. मी उठले असते. सुनीताबाईंचं काय?”

“तू अहवालात लिहिणार आहेस?”

“नाही. सोमवारी तू सांगायचंस. नाही सांगितलंस तर मी लिहीन.” उठताना ती म्हणाली, “आणि आजचा स्वयंपाक तू कर. मला तुझ्यासमोर उभं राहून काही करवत नाहीये.”

सोमवारी रणजितने सांगितलं. सदानंदसरांसमोर, कुरोदा-सानसमोर, पुण्याचे लोक स्क्रीनवर असताना. चूक मला दिसली होती, मी शेरा लिहिला आणि जाणूनबुजून पुसला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “वैयक्तिक.” मेधाचं नाव त्याने घेतलं नाही, पण खोलीत ते सगळ्यांनाच कळलं. कुरोदा-सान त्याच्याकडे पाहत राहिले. “देवस्थळी-सान, त्या वर्षी तुम्ही थांबला होतात,” ते हळूच म्हणाले, आणि समोरची वही मिटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं रणजितला वाटलं.

त्या दुपारी त्याने सुनीताला फोन केला आणि माफी मागितली.

“चूक माझी होतीच, रणजितसर,” ती म्हणाली. “तक्ता मीच केला होता. पण इतके दिवस मी घरी सांगत होते की एवढ्या माणसांत कुणाच्याच लक्षात आलं नाही, मग माझ्या तरी कसं येणार. तेवढाच धीर होता मला. तो तुम्ही आज काढून घेतलात.” तिने फोन ठेवला. तिचं काम राहिलं, मूल्यमापनही सुधारलं. पण रणजितशी ती पुन्हा कधी कामापलीकडे बोलली नाही.

सदानंदसरांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही. तोक्योहून लांब, कोबेच्या एका लहानशा प्रकल्पावर एकट्यालाच पाठवलं, मंजुरीचा अधिकार काढून घेऊन. तिथल्या बंदराजवळच्या ऑफिसात चार माणसं होती आणि कागद अजून मेलनेच फिरत होते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या प्रमुखबाईंनी विचारलं की तोक्योला ती पानावर नाव घालायची पद्धत आहे म्हणे, ती आम्हाला शिकवाल का. रणजितने मेधाने लिहिलेली नियमावली मागवली. आता तिच्यात एक नवा नियम होता: दुसऱ्याच्या पानावर चूक दिसली तर सांगणं हे प्रत्येकाचं काम आहे. ती ओळ वाचून त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ जुनी कळही आली, की किती कमी शब्दांत लिहिलंय हिने.

डिसेंबरात मेधा विभागप्रमुख झाली. बातमी त्याला ऑफिसच्या मेलमधून कळली. त्याने जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“थँक्स.”

“खरं सांगू? मेल वाचल्यावर आधी ती जुनीच कळ आली. मग आनंद झाला. पण कळ आधी आली.”

पलीकडून प्रिंटरचा आवाज ऐकू येत होता. “मला माहीत होतं तसंच होणार,” मेधा म्हणाली. “सांगितलंस हे बरं केलंस.” मग तिने विचारलं, “शुक्रवारी येतोयस का? अक्षया विचारत होती.”

“येऊ?”

“तिकीट आजच काढ,” ती म्हणाली. “नंतर जागा मिळत नाही.”