बटणांच्या डब्यातलं अर्धं कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. खरं सांगायचं तर अर्धंच आहे. माझा दुसरा तुकडा कात्रीने कापून बँकेला पाठवला, आणि मी जळगावच्या एका दोन खोल्यांच्या घरात, बटणांच्या पत्र्याच्या डब्यात पडलो आहे. माझी कहाणी काही फार सुखाची नाही, मित्रांनो. तरी ऐका, कारण ती सांगायला आता माझ्याशिवाय कोणी तयार नाही.

सत्त्याण्णव साली पितांबरच्या कचेरीत दोन बँकांची दोन माणसं येऊन गेली. पितांबर तिथे कारकून होता. दोघांनीही सांगितलं, वर्षाची फी नाही, कार्ड फुकट. मग काय, साहेबांकडेही नसलेली वस्तू आपल्या खिशात असणार, या विचारानेच तो फुलून गेला. दोन्ही कागद त्याने घरी आणले आणि बायकोसमोर, सुनंदाबाईसमोर, पसरले.

दुसरं कार्ड साधं होतं. त्याच्यावर खरेदीमागे मिळणारे बक्षिसाचे गुण कमी होते, पण पैसे भरायला पन्नास दिवसांची सवड होती. माझ्यावर गुण दुप्पट, आणि माझ्यासोबत त्या गुणांवर मिळणाऱ्या भेटवस्तूंचं रंगीत पुस्तक. सुनंदाबाईने आधी नेमकं विचारलं, "पैसा भराले कितला दिन शेतस?"

पितांबर म्हणाला, "बिल उनं का पंधरा दिन. त्यानं काय एवढं?"

तिने पुस्तकाचं पान उलटलं आणि तिचं बोट तिथेच थांबलं. त्या पानावर पायमशीन होती. सुनंदाबाई आईने दिलेल्या जुन्या हातमशीनवर गल्लीतल्या बायकांची ब्लाऊज शिवायची. एका हाताने चाक फिरवायचं, एका हाताने कापड धरायचं. पायमशीन आली तर दोन्ही हात मोकळे होतील आणि काम दुप्पट होईल, एवढाच तिचा हिशेब होता. त्या चित्रापुढे पंधरा आणि पन्नास दिवसांचा फरक कोणाच्या लक्षात राहतो? दुसरा कागद चुलीत गेला. मी निवडला गेलो, आणि तेव्हा मला फार अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

वर्षभर थेंबे थेंबे गुण जमले. मशीन मात्र लांबच होती. मग पितांबरच्या मोठ्या भावाच्या, जीवरामच्या, मुलीचं लग्न ठरलं. पाचोऱ्याजवळच्या गावाहून सगळी मंडळी जळगावला बस्ता बांधायला आली. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्यांचे कपडे एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचे. पितांबरच्या डोक्यात चक्र फिरलं. एवढी खरेदी माझ्यावर झाली तर मशीनचे गुण पुरे होणार होते! मशीन येणार, असं नवरी कुंदाला तो सांगूनही बसला, "तुना बस्त्यावर तुनी काकीले नवी मशीन ई."

जीवरामची काहीच हरकत नव्हती, लग्न झालं की तो सगळे पैसे देणारच होता. "लई टाक कार्डवर. लगीन व्हयनं का बठ्ठा पैसा दी टाकसू."

दुकानदाराने मला लोखंडी यंत्रात ठेवून वरून दांडा खर्रकन फिरवला. माझी अक्षरं कार्बनच्या पावतीवर उमटली. बावीस हजार! मी आयुष्यात एवढा मिरवलो नव्हतो.

दहा दिवसांत बिल आलं. लग्नाला अजून महिना होता. आमच्याकडे लग्नघरात पैसे मागायला जात नाहीत. मांडव उतरेपर्यंत असला विषयच काढायचा नसतो. सुनंदाबाईने दोनदा आठवण करून दिली. पितांबरचं एकच उत्तर, "मोठा भाऊकडे मांडव उभा र्‍हावावर पैसा कसा मांगू?" पगार घरखर्चात आणि आहेरात संपला. पंधरा दिवस उलटले. मी त्याच्या पाकिटात होतो, मला तारीख ठाऊक होती, पण कार्डाला तोंड कुठे असतं!

लग्न थाटात झालं. मे संपता संपता जीवराम स्वतः आला, बावीस हजार भावाच्या हातात ठेवून ताठ मानेने म्हणाला, "मोजी ले." बिचाऱ्याने शब्द पाळला होता. व्याज आणि दंड मिळून सोळाशे रुपये वर चढले आहेत, हे पितांबरने त्याला सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात पत्र आलं. भरणा वेळेत न झाल्यामुळे आजवरचे सगळे गुण रद्द.

जून महिना, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, आणि सोळाशेवर रोज चढणारं व्याज. सुनंदाबाईने कोणाला न विचारता हातमशीन एका शिंप्याला नऊशेला विकली. उरलेले पगारातून भरले. मग तिनेच मला कापलं. माझी कड सरळ आहे म्हणून अर्धा तुकडा ठेवून घेतला, कापडावर खडूने रेघ मारायला. नवी मशीन आली नाही, होती तीही गेली.

श्रावणात कुंदा माहेरी आली, तशी काकीकडेही आली. हातात ब्लाऊजचं कापड. "काकी, नवी मशीनवर पहिलं मनंच शिव!" सुनंदाबाईने कापड घेतलं. चार दिवस तिने हाताने शिवलं, खसखशीच्या दाण्याएवढा एकेक टाका, बोटं सोलवटून निघेपर्यंत. रेघा मीच आखून दिल्या.

मित्रांनो, माझ्यासारखं कोणी फुकट म्हणून तुमच्या दारी आलं, तर त्याच्या चित्राकडे नंतर बघा. सुनंदाबाईने विचारला तो प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर ते विसरू नका.

कुंदाने ब्लाऊज उलटून शिवण पाहिली आणि हरखून म्हणाली, "काकी, नवी मशीननी टीप कितली बारीक शे!"

"हा," सुनंदाबाई म्हणाली, आणि मला डब्यात टाकून तिने झाकण लावलं.