शनी आणि दोन तारांचा सेन्सर

म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दत्तोजीरावांच्या दारातली जुनी जीप भसाभस काळा धूर ओकत होती, आणि माणसं त्या धुराला हात जोडत होती!

"नोडी, नोडी! बघा, शनी बाहेर पडतोय!" ज्वालानंदस्वामी गरजले. जीप आचके देऊन बंद पडली. गर्दीतून "अय्यो देवा!" असा सूर उठला.

जीपला नवा इंजिन-संगणक बसवला होता दत्तोजीरावांच्या सुनेनं, पावनीनं. ती इंजिनिअर, मागच्या अंगणात तिचं छोटं गॅरेज. कुठला सेन्सर घ्यायचा, कुठली तार ठिणगीच्या तारांपासून लांब न्यायची, कुठे जाळीचं वेष्टण हवं, हे सगळं तिनं खपून ठरवलं होतं. जीप झकास पळू लागली. सासऱ्यांनी हौसेनं गाडीची पूजा घातली. स्वामींच्या शिष्यानं बॉनेट उघडून आत लिंबू बांधलं, आणि तेव्हापासून हा धूर.

"यंत्राला बाईचा हात लागला," स्वामींनी निदान केलं. "अपवित्र तारा! सगळ्या उपटा, गॅरेजला कुलूप घाला आणि आमच्या आश्रमात शनिशांती करा." विजेच्या तारेबद्दल या महाज्ञान्याला एवढीच माहिती!

दत्तोजीराव सुनेकडे न बघताच म्हणाले, "तू जीपला हात लावायचा नाही."

"नाही लावत, मामंजी." पावनी म्हणाली. तिनं लॅपटॉप जीपच्या संगणकाला बिनतारी जोडला आणि सगळ्यांना दिसेल असा ओट्यावर ठेवला. "हा आकडा तेवढा वाचा. इंजिनातल्या पाण्याचं तापमान."

"उणे चाळीस?" दत्तोजीराव चक्रावले. "म्हैसुरात?"

स्वामींनी डोळे मिटले. "ॐ ह्रीं पेट्रोलपिशाचनिवारणाय..." शिष्य भस्म लावायला बॉनेटखाली वाकला. पडद्यावरचा आकडा टुणकन उडून साठ झाला.

"थांबा!" पावनी ओरडली. "मंत्र अजून अर्धाच झालाय, आणि पाणी क्षणात शंभर अंशांनी तापलं? शिष्यमहाराज, हात बाहेर काढा!"

शिष्याची बोटं काळीकुट्ट होती. भस्म तर पांढरं असतं!

"पाण्याच्या सेन्सरला दोन तारा," पावनी म्हणाली. "त्यांचा प्लग उपटला की संगणकाला कडाक्याची थंडी भासते. तो पेट्रोल ओतत सुटतो. ते नीट जळत नाही, काळा धूर होतो, इंजिन गुदमरतं. लिंबू बांधताना यांनी तोच प्लग उपटला, आणि मंत्राचा चमत्कार दिसावा म्हणून आता गुपचूप परत लावला. सेन्सरचा संपर्क तुटला तर काय करायचं, हे संगणकात भरायचं माझ्याकडून राहिलंय, आज भरते. पण आधी मामंजी, तुम्हीच करून बघा."

दत्तोजीरावांनी प्लग काढून जीप सुरू केली. काळा धूर, आचके, बंद. प्लग लावला. थोडी घरघरली आणि इंजिन सुरेल चालू लागलं.

"स्वामी, आता हा माझाही हात अपवित्र का?" म्हातारा गरजला.

"कलियुग!" पुटपुटत स्वामी निघाले. शनीला पळवणारे हे सिद्धपुरुष रिक्षात बसून पळाले.

"चुकलं माझं, पोरी," दत्तोजीराव म्हणाले. "गॅरेज बंद होणार नाही."

पावनीनं मान डोलावली, पण हसली नाही.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर कारण यंत्रातच शोधा. आणि दुसऱ्याचा हात अशुभ ठरवणारा कुणी भेटला, तर त्याचे स्वतःचे हात कुठे आहेत ते आधी पाहा.