सांधलेला ठोकळा

खाणीच्या तळाशी माणसांनी कडं केलं होतं. मधोमध एका राखाडी, टेम्पोएवढ्या ठोकळ्यावर चादर पसरून, तिच्याखाली डोकं घालून सांधेबाबा पुटपुटत होते. सकाळी त्या ठोकळ्यावर वरपासून खालपर्यंत गेलेली भेग सगळ्यांनी पाहिली होती. चादर उचलली आणि भेग गायब! माणसांनी हात जोडले.

“दगडालाही जीव असतो, लेकरांनो! मी फक्त त्याची समजूत काढली,” बाबा म्हणाले.

समजूत काढायला चादर कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. खाणमालक खुशीत होता. फुटका माल आता अख्ख्याच्या भावात जाणार होता.

ठोकळे निवडायला आलेली तपासनीस बाई हातोडी घेऊन पुढे झाली. कडेला ठोकलं, खणखणीत. मध्ये ठोकलं, बद्द.

“क्रेन थांबवा. माणसं बाजूला करा.”

“बाई, बाबांनी हात फिरवलाय,” मुकादम म्हणाला. “आम्ही रोज असल्या दगडांखाली वावरतो.”

“म्हणूनच सांगतेय.”

तिनं बादलीभर पाणी ओतलं. ओला दगड काळवंडला. एक रेघ तेवढी फिकट राहिली. तिनं तिथं गॅसची ज्योत धरली. रेघ घामेजली, मग ओघळली. दगडाची भुकटी कालवलेलं मेण टपटप खाली पडलं.

बाबा गरजले, “हिच्या अविश्वासानं भेग उघडली! आता अनर्थ होणार!”

मुकादम बाबांसमोर येऊन उभा राहिला. “माझ्या भावाचा पाय गेला तेव्हाही हेच म्हणालात. त्याच्या मनात म्हणे शंका होती, म्हणून ठोकळा दुभंगला. तेव्हापासून तो स्वतःलाच दोष देत पडलाय.”

“होतीच शंका!”

“तुम्हाला तर नाही ना?” बाईनं क्रेनच्या साखळ्यांकडे बोट दाखवलं. “मग राहा खाली उभे. क्रेन उचलेल.”

बाबांनी वर पाहिलं, मालकाकडे पाहिलं. पाऊल काही पुढे पडेना.

खाली कुणी नसताना क्रेननं ठोकळा उचलला. पुरुषभर उंचीवर तो कडाडला आणि दोन तुकडे होऊन आदळला. पायाखालची जमीन हादरली. धूळ बसली तेव्हा बाबा मालकाच्या गाडीत जाऊन बसले होते.

मुकादम तडक घरी गेला. भावाच्या उशाशी बसून म्हणाला, “दादा, खोट तुझ्या मनात नव्हती. दगडात होती. मेणानं बुजवलेली.”

भिंतीकडे तोंड करून पडलेला भाऊ त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, “मला जरा उठवून बसव.”

शंका घेणं पाप नाही, मंडळी. शंका आली की विचारा, पाणी ओता, ठोकून बघा. आणि ‘विचारू नका’ म्हणणाऱ्याला आधी त्या ठोकळ्याखाली उभं राहायला सांगा.