चांदवडच्या घाटातलं पाणी

माझ्या थापांनी आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एकदाच बिघडलं, आणि तेव्हा ललितच्या लग्नाला आठ दिवस उरले होते.

२००२ सालची गोष्ट. नाशिक रोडच्या कॅथलिक चर्चच्या ऑफिसात टेबलापलीकडे फादर ग्रेशस बसले होते. अलीकडे आमच्या प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक त्रिभुवनसाहेब, काखेत बाप्तिस्म्याची नोंदवही गच्च धरून. शेजारी नवरदेव ललित, त्याची आई नवसाबाई, आणि कोपऱ्यातल्या डुगडुगत्या खुर्चीवर मी, भिकन, रिटायर ट्रकड्रायव्हर. मुलगी पल्लवी कॅथलिक. पत्रिका वाटून झालेल्या.

"प्रश्न साधा आहे," फादर म्हणाले. "ललितचा बाप्तिस्मा पाण्यानं झाला की उसाच्या रसानं?"

हा उसाचा रस माझा. ललित जन्मला पंचाहत्तर साली, माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये, चांदवडच्या घाटात, भर दुपारी. मागे कांदा, पुढे उकळलेला रेडिएटर. नवसावैनी माहेराहून येत होत्या. पोर निळं पडलेलं, रडेना. वैनींची आधीची दोन बाप्तिस्म्याविनाच गेली होती. मी या पोराला तिथल्या तिथं बाप्तिस्मा दिला आणि ते जगलं, असं मी सत्तावीस वर्षं सांगत आलो. कशानं दिला, ते ऐकणाऱ्यांकडं बघून ठरायचं. कधी रेडिएटरचं पाणी, कधी शेळीचं दूध, एकदा तर कॅन धरायला देवदूत आला होता. साखरपुड्यात उकाडा फार होता, म्हणून उसाचा रस निघाला. पल्लवीच्या काकांनी तो थेट फादरांपर्यंत पोचवला.

"रस असेल तर बाप्तिस्मा झालाच नाही," फादर म्हणाले. "हा माझा नियम नाही, चर्चचा आहे. शंका असली की आम्ही सशर्त देतो. 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर...' असं म्हणून. पाच मिनिटांचं काम."

"बाप्तिस्मा एकदाच होतो!" त्रिभुवनसाहेबांनी वही टेबलावर आपटली. "दुसरा घेतला तर याचं नाव मी मंडळीतून कमी करीन. आमच्यात शास्त्र मोठं, रोमचा हुकूम नाही."

"शास्त्रात ललितचं नाव आहे?"

"वहीत आहे!"

"वहीत कुणाच्या सांगण्यावरून?"

साहेबांनी पान उघडलं. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. सगळे माझ्याकडं वळले.

"आमचे पोप चुकत नाहीत म्हटलं की तुम्ही हसता," फादर म्हणाले. "आणि तुमची सगळी खात्री या भिकनभाऊंच्या शब्दावर?"

ललित आईकडं झुकला. "आई, घेऊन टाकू का? पाच मिनिटं तर आहेत."

"तुझ्या डोक्यावर 'तर' पडणार नाय." वैनींनी मान वर केली नाही. "सत्तावीस वर्षं माझं लेकरू कोण होतं मग? झाला की नाय झाला, असं अधांतरी?"

"मग लग्न मोडेल."

"मोडू दे."

ललितचा चेहरा उतरला. त्रिभुवनसाहेबांनी पिशवीतून पवित्र शास्त्र काढून माझ्यापुढं ठेवलं. "हात ठेव, भिकन." मग कानाशी वाकून पुटपुटले, "पाणी म्हण, आणि मोकळा हो."

जकात नाक्यावर मी खोटं बोललोय, मालकाशी बोललोय, बायकोशी तर नेमानं. पण शास्त्रावर हात ठेवून कधी नाही. एक शब्द बोललो की लग्न होत होतं. हात ठेवला आणि तो शब्दच बाहेर पडेना.

"काहीच नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी काही ओतलंच नाही. पोर रडेना म्हणून रेडिएटरचं पाणी काढायला कॅन घेऊन खाली उतरलो. रेडिएटर वाफा सोडत होता, हात लावायची सोय नाही. खरं सांगायचं तर मला परत वर जायचंच नव्हतं. मेलेलं पोर बघवलं नसतं. बॉनेटच्या आड कान झाकून उभा राहिलो. मग रडणं ऐकू आलं. वर गेलो तर पोराची टाळू ओली, वैनी डोळे मिटून पडलेल्या. सीटखाली त्यांच्या प्यायच्या पाण्याच्या फिरकीच्या तांब्याचं झाकण घरंगळलं होतं, ते उचलून ठेवलं. रविवारी जुन्या पाळकांनी विचारलं, बाप्तिस्मा कुणी दिला? मी म्हटलं, मी."

ललित उठून उभा राहिला. मला मारतो की काय असं वाटलं. फादरांनी पेनाला टोपण घातलं. "बाप्तिस्मा नसलेल्याशी लग्न म्हणजे आता परवानगीसाठी बिशपांना लिहावं लागेल. आठ दिवसांत होणार नाही."

"मी दिला," वैनी म्हणाल्या.

"कशानं?" फादरांनी हळूच विचारलं.

"पाण्यानं. चांदवड स्टँडच्या नळाचं, प्यायला भरलं व्हतं."

"शब्द?"

"पित्याच्या, पुत्राच्या आनि पवित्र आत्म्याच्या नावानं. तीनदा ओतलं. तिसऱ्यांदा रडला."

"मग इतकी वर्षं गप्प का?" त्रिभुवनसाहेब ओरडलेच.

"विटाळातली बाई. तिच्या हातचा बाप्तिस्मा जुन्या पाळकांनी लिवला असता? भाऊजींच्या हातचा लिवला. मला नाव नको व्हतं साहेब, नोंद पायजे व्हती." वैनींनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुमी आता खोडनार का?"

फादर माझ्याकडं वळले. "भिकनभाऊ, ते झाकण. याआधी कधी कुणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"त्यात काय मजा होती?"

फादरांनी पेनाचं टोपण काढलं. "ज्यात मजा नाही, ते तुम्ही रचणार नाही. मला पुरे आहे. संकटात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. आमच्यात हिंदू सुईणीनं दिलेलासुद्धा चालतो."

हे मात्र त्रिभुवनसाहेबांना झोंबलं. "आमच्यात चालत नाही असं कोण म्हणालं?" त्यांनी फादरांच्या हातातलं पेन घेतलं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, नवसाबाई, आई. दोन्ही चर्चांचं त्या दिवशी एकमत झालं, आणि त्यात माझा एकुलता एक चमत्कार गेला.

लग्नाच्या पंगतीत पल्लवीच्या काकांनी मला गाठलं. "मामा, होऊन जाऊ द्या उसाच्या रसाची!"

"पाणी होतं," मी म्हणालो. "आणि दिला तो या माउलीनं. मी बॉनेटमागं लपलो होतो."

"हॅ! उगाच थापा नका मारू."

वैनी समोरच्या पंगतीत बसल्या होत्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, "भाऊजी, पाव्हन्यांना लय उकडतंय. रसाचीच सांगा."