ठोकळ्याच्या पडद्यावरचे ठिगळ

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. हे नाव मला सायकलच्या दुकानाच्या मालकांनी ठेवले. खरे तर मी कार्डाने पैसे घेणारे मशीन. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर चांगले लांबलचक नाव छापलेले होते, पण दुकानात आलो त्या दिवसापासून मी ठोकळाच झालो. माझ्या पडद्याच्या मधोमध पंक्चरचे एक काळे ठिगळ आहे. हल्ली मी ज्या खणात पडून असतो, तिथले छर्रे आणि व्हॉल्व्ह मला त्यावरून हसतात. हसू देत. ते ठिगळ लागण्याआधी या घरची सून दुकानातून कायमची उठून जाणार होती, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

मी येण्याआधी दुकानात सगळा रोखीचा कारभार होता. मालकांना सगळे बाबा म्हणत. वाकडे चाक सरळ करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पण नवी सायकल घ्यायला येणारी माणसे एवढी रोकड खिशात घेऊन थोडीच फिरतात? ती सायकल निवडत, घंटी वाजवून बघत, पैसे घेऊन येतो म्हणत आणि चौकातल्या मोठ्या दुकानात जात. तिथे कार्ड चालत असे. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या सूनबाईंचा हे बघून जीव तुटे. त्यांचा नवरा लांबच्या गावी नोकरीला होता आणि दुकानावर त्यांची माया जडली होती.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. गिऱ्हाइकाला फोनवर लिंक पाठवायची आणि त्याने तिथे कार्डाचा नंबर भरायचा, हा एक मार्ग होता. त्याला मशीन लागत नव्हते. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला नंबर टिपत बसवणे त्यांना बरे वाटेना. दुसरा मार्ग मोबाइललाच कार्ड टेकवण्याचा. मात्र दुकानाचा मोबाइल बाबांचा, आणि तो जुना बटणांचा. तिसरा मार्ग म्हणजे मी. माझे भाडे द्यावे लागे, प्रत्येक विक्रीतून बँक आपला वाटा कापून घेई, पण कार्ड टेकवा, खुपसा नाहीतर घासा, माझी तक्रार नसे. बाबांनी बरीच कुरकुर केली. शेवटी सूनबाईंनी बँकेत जाऊन अर्ज भरला आणि मी आलो.

माझ्याकडून पहिली सायकल घेतली ती एका नर्सबाईंनी. कार्ड टेकवले, मी टिंग केले, पावती काढून दिली. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मिशीतल्या मिशीत हसले. शाळा सुरू होण्याचे दिवस होते. बघता बघता दारातल्या नव्या सायकली संपत आल्या. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी तेव्हा फार चढून गेलो होतो.

आता नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. मी दिवसभर जे पैसे घेतो, त्यांची माझ्याकडे फक्त नोंद असते. संध्याकाळी ती नोंद बँकेकडे पाठवली, की मगच पैसे दुकानाच्या खात्यात येतात. म्हणून मी रोज दिवेलागणीला विचारत असे, ‘दिवस बंद करायचा का?’ हिरवे बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. सूनबाई त्या वेळी मुलीला आणायला आणि स्वयंपाकाला घरी जात. जाताना त्यांनी बाबांना बजावले होते, की संध्याकाळी ते काहीतरी विचारेल, तेवढे उत्तर द्यायला विसरू नका. कोणते उत्तर, हे सांगायचे राहून गेले. त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले असणार.

आणि बाबा तर ‘बंद’ हा शब्दच उच्चारत नसत. रात्री कुलूप लावतानाही ते ‘दुकान वाढवतो’ असेच म्हणत. कुणाची घंटी वाजेनाशी झाली तर ती रुसली आहे म्हणत. जेवायला जाताना दारावर पाटी लावत, तिच्यावर ‘येतोच’ असे लिहिलेले होते. अशा माणसाला मी ऐन तिन्हीसांजेला, दिवा लावून झाल्याबरोबर, बंद करू का म्हणून विचारत होतो. बाबा माझ्याकडे रागाने बघत आणि लाल बटण दाबत. अगदी न चुकता, रोज.

मी तरी काय करणार? माझ्याजवळ ठरलेलीच वाक्ये. जुन्या विक्रीची नोंद फार दिवस तुंबली तर ती रद्द होते आणि पैसे गिऱ्हाइकाच्या कार्डावर परत जातात, हे मला माहीत होते. पडद्याच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत इशाराही देत होतो. पण त्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता आणि तो पुसावा असे कुणालाच वाटले नाही.

मग घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. नव्या सायकलींची गाडी शनिवारी येणार होती. पैसे तयार नसतील तर गाडी तशीच चौकातल्या मोठ्या दुकानात जाईल, असे त्याने सांगून टाकले. बाबा पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले. कार्डाच्या विक्रीचा एक पैसाही खात्यात जमा नव्हता. परत येऊन ते मोडक्या चाकापुढे बसले आणि एकच तार उगाच पिळत राहिले.

त्यानंतरचे दोन दिवस मला आठवले तरी माझी बॅटरी उतरते. बाबा सूनबाईंच्या हातचा चहा घेईनात. मुलाला फोन करताना दुकानाच्या मागे जात. मला मात्र सगळे ऐकू येई. अर्ज तिने भरला, खात्याचा नंबर तिने लिहिला, आपण फक्त सही केली, असे ते हलक्या आवाजात सांगत होते. पलीकडून मुलगा काय म्हणाला कोण जाणे. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की बाबा, पैसे इथेच अडकले आहेत. पण मला टिंग करण्यापलीकडे आवाज नाही.

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हते. बाबांनी पान्हा खाली ठेवला.

“त्या अर्जात खातं कुणाचं लिहिलं होतंस?”

“दुकानाचं.”

“मग खात्यात पैसा का नाही?”

सूनबाईंच्या हातात ऑइलची कुपी होती. ती त्यांनी हळूच फळीवर ठेवली आणि चिंधीने एकेक बोट पुसले. चेहरा पार उतरला होता, पण आवाज शांत होता.

“बाबा, तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

बाबांनी मला तारेसकट उचलले, खोक्यात कोंबले आणि हे उद्या बँकेत परत जाईल असे जाहीर केले. सूनबाई म्हणाल्या, “मग उद्यापासून मीही येणार नाही. मात्र आज मुलीला शेजारीण आणेल, आज मी शेवटपर्यंत थांबते. दिवसभर मशीन माझ्या हातात असतं, संध्याकाळी ते काय करतं हे मी कधी पाहिलेलंच नाही.”

खोक्यातल्या अंधारात माझी बॅटरी जवळजवळ संपली होती. रात्रभर तसाच राहिलो असतो तर आणखी जुन्या नोंदी रद्द झाल्या असत्या. सूनबाईंनी मला बाहेर काढून तार जोडली, तेव्हा दिवेलागण झालीच होती. पडदा उजळला आणि मी माझा तोच प्रश्न विचारला. बाबांचा अंगठा सवयीने लाल बटणाकडे गेला.

सूनबाईंनी त्यांचे मनगट धरले. सासऱ्यांचा हात त्यांनी आजवर कधी असा धरला नव्हता.

“तुम्ही रोज हेच दाबता?”

“मग काय करू? ऐन दिवाबत्तीला हा ठोकळा अभद्र विचारतो. मी नाही म्हणून सांगतो.”

सूनबाईंनी स्टूल जवळ ओढले आणि त्या बटणांचा अर्थ सावकाश समजावून सांगितला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. तेच बाबांना जास्त लागले असावे. त्यांनी खाली मान घातली. “तू दाब,” ते म्हणाले.

“नाही बाबा. तुम्हीच दाबा.”

बाबांनी चिंधी घेतली, अंगठा स्वच्छ पुसला आणि मग माझा पडदाही पुसला. “दिवस वाढवतो,” असे पुटपुटून त्यांनी हिरवे बटण दाबले. दुकानात आत सिग्नल धड येत नाही, त्यामुळे माझे चक्र नुसतेच फिरू लागले. बाबा मला दोन्ही हातांत धरून पायरीवर गेले आणि मला उंच करून उभे राहिले. तिथे एकदाचा माझा निरोप गेला आणि मी लांबच लांब पावती काढली. नर्सबाईंचे पैसे तेवढे मुदतीबाहेर जाऊन परत गेले होते, बाकी सगळे वाचले. शनिवारी बँकेने पैसे जमा केले आणि गाडी आमच्याच दारात रिकामी झाली. त्याच दिवशी बाबा मला पिशवीत घालून नर्सबाईंच्या दवाखान्यात गेले, घडलेली चूक सांगितली आणि बाईंनी हसत पुन्हा कार्ड टेकवले.

बाबांनी बँकेत तो शब्द बदलून मागितला. तसे होत नाही, असे बँकवाले म्हणाले. तेव्हा त्यांनी पंक्चरचे ठिगळ कापले आणि बरोबर ‘बंद’ या शब्दावर चिकटवले. पुढे कित्येक वर्षे मी रोज विचारत राहिलो, ‘दिवस … करायचा का?’ आणि बाबा न चुकता हिरवे बटण दाबत राहिले.

आता दुकानात नवे मशीन आहे. ते काही न विचारता परस्पर हिशोब पाठवते. मित्रांनो, आमच्यासारख्यांना ग्रीसच्या हातांनी धरू नका, वेळेवर चार्ज करा आणि पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आम्ही चुकीचे उत्तरही निमूटपणे घेतो, आम्हाला हात धरता येत नाही. माणसांना धरता येतो.

खणात पडल्या पडल्या मला बाबांचा आवाज अजून ऐकू येतो. परवा त्यांना पान्हा सापडत नव्हता. ते आधी म्हणाले, “सूनबाई, विचारतोय हं, सांगत नाही.” आणि मग पान्हा कुठे ठेवलास म्हणून विचारले. पान्हा त्यांच्याच खिशात होता.